पोच मिळते, उत्तर मिळत नाही

सरकारी कचेरीत अर्ज दिला की त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक बारनिशीचा शिक्का मारून घ्यायचा, हे आपल्याकडे साऱ्यांच्याच अंगवळणी पडले आहे. या शिक्क्याला पोच म्हणतात. पोच मिळाली याचा अर्थ एवढाच की, कागद कचेरीत पोहोचला. तो कोणी वाचला, त्यावर विचार झाला किंवा त्याने निर्णयात काही फरक पडला, यांपैकी काहीही त्या शिक्क्यावरून सिद्ध होत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत केंद्र व राज्य शासनांनी नागरिकांच्या सूचना, हरकती व तक्रारी मोठ्या प्रमाणावर संगणकाच्या मार्गाने स्वीकारण्यास आरंभ केला आणि बारनिशीतल्या शिक्क्याची जागा भ्रमणध्वनीवर येणाऱ्या एका क्रमांकाने घेतली. पोच आता तत्काळ मिळू लागली. उत्तराची प्रतीक्षा मात्र पूर्वीइतकीच राहिली. ऑनलाइन लोकसहभागाबद्दल नागरिकांच्या मनात जो अविश्वास आढळतो, त्याचे मूळ बव्हंशी या विसंगतीत आहे.

शासनदरबारी या अविश्वासाचे निदान सहसा तांत्रिक स्वरूपाचे केले जाते. संकेतस्थळ अधिक सोपे करावे, त्याची जाहिरात वाढवावी, लोकांना ते वापरण्याचे शिक्षण द्यावे, असे उपाय मग सुचवले जातात. ते अनावश्यक आहेत असे नाही. परंतु रेल्वेचे तिकीट काढताना किंवा विजेचे बिल भरताना हाच नागरिक त्याच यंत्रावर आपले पैसे फारशी शंका न घेता सोपवतो, ही गोष्ट या निदानात लक्षात घेतली जात नाही. तिथे विश्वास बसतो, कारण पैसे भरताच तिकीट हाती पडते आणि व्यवहार पुरा होतो. मत मांडण्याचा व्यवहार मात्र अर्ध्यावरच थांबतो. नागरिकाने आपला वेळ, श्रम आणि काही अंशी आपली ओळखही शासनाच्या हवाली केली, तरी त्याबदल्यात शासनाने काय करावयाचे हे निश्चित झालेले नाही.

परंपरा जुनी, पण अपुरी

लोकांना विचारून नियम करावेत ही कल्पना काही संगणकाबरोबर आलेली नाही. १८९७ च्या ‘जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट’च्या २३ व्या कलमानुसार, जिथे पूर्वप्रसिद्धीची अट घातलेली आहे तिथे नियमांचा मसुदा आधी प्रसिद्ध करणे आणि मुदतीत आलेल्या हरकती व सूचनांचा विचार करणे बंधनकारक आहे. महाराष्ट्रात १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाने याच्या पुढचे पाऊल टाकले. शहराच्या विकास आराखड्यावर हरकत घेणाऱ्याला नियोजन समितीपुढे सुनावणीची संधी त्या कायद्याने दिली. हरकत घेणारा आणि ती ऐकणारा हे दोघे एकदा तरी समोरासमोर येतात, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय.

केंद्र शासनाने २०१४ च्या फेब्रुवारीत विधिपूर्व विचारविनिमयाचे धोरण जाहीर केले. प्रत्येक विधेयकाचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, त्याची कारणे, आर्थिक भार आणि संभाव्य परिणाम सांगावेत, आलेल्या अभिप्रायांचा सारांश संबंधित मंत्रालयाने आपल्या संकेतस्थळावर द्यावा, असे त्यात म्हटले आहे. त्याच वर्षी २६ जुलै रोजी ‘मायगव्ह’ हे व्यासपीठ सुरू झाले. कागदोपत्री पाहता यात उणे काढण्यासारखे थोडेच आहे. परंतु हे धोरण म्हणजे कायदा नव्हे. ते पाळले नाही म्हणून एखादे विधेयक अवैध ठरत नाही आणि कोणा अधिकाऱ्याला जाबही द्यावा लागत नाही. पाळणे न पाळणे ज्याच्या मर्जीवर आहे, असे वचन विश्वासाचा पाया होऊ शकत नाही.

एक यश आणि त्यातली चूक

ऑनलाइन सहभाग निष्फळच असतो असे मात्र नाही. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ‘ट्राय’चे आहे. इंटरनेटवरील सेवांचे नियमन कसे असावे याविषयी या संस्थेने २७ मार्च २०१५ रोजी एक चर्चापत्र प्रसिद्ध केले. महिनाभरात १० लाखांहून अधिक पत्रे ई-मेलने आली. डिसेंबरात दराच्या भेदभावाविषयी दुसरे चर्चापत्र निघाले, तेव्हा सुमारे २४ लाख अभिप्राय जमा झाले. शेवटी ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने नियम करून, माहितीचा मजकूर पाहून वेगवेगळे दर आकारण्यास बंदी केली. त्या नियमांसोबत एक स्पष्टीकरणही जोडलेले होते. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद त्यात मांडले होते आणि त्यांपैकी कोणते का स्वीकारले व कोणते का नाकारले, हे सांगितले होते. ज्याचे म्हणणे अमान्य झाले त्यालाही ते वाचले गेल्याचे त्यातून कळू शकत होते.

याच प्रकरणात एक गंभीर चूकही झाली. २०१५ च्या एप्रिलमध्ये प्राधिकरणाने आलेली सर्व पत्रे पाठवणाऱ्यांच्या नावांसह आणि ई-मेलच्या पत्त्यांसह आपल्या संकेतस्थळावर ठेवली. पारदर्शकतेच्या दृष्टीने अभिप्राय प्रसिद्ध करण्याची या संस्थेची पद्धत होतीच. पण दहा लाख सामान्य माणसांचे पत्ते हे जाहिरातबाजांच्या व भामट्यांच्या हाती आयते पडण्यासारखे घबाड आहे, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आले नाही. मत मांडले म्हणून आपला पत्ता चव्हाट्यावर आला, असा अनुभव ज्याला आला तो पुढच्या वेळी लिहिण्यापूर्वी दहादा विचार करील.

याच्या अगदी उलट टोक २०२२ मध्ये पाहावयास मिळाले. नागरिकांच्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी आणलेल्या विधेयकाचा मसुदा त्या वर्षीच्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाला. आलेले अभिप्राय उघड केले जाणार नाहीत, म्हणजे लोक मोकळेपणाने लिहू शकतील, असे संबंधित मंत्रालयाने जाहीर केले. हेतू चांगला मानला तरी परिणाम असा झाला की, कोणत्या कंपनीने काय मागितले, नागरिकांनी काय मागितले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेल्या कायद्यात कोणाचे म्हणणे उतरले, हे ताडून पाहण्याचा मार्ग राहिला नाही. एकीकडे पत्त्यासह सारे उघड आणि दुसरीकडे युक्तिवादासह सारे बंद, अशी ही दोन टोके आहेत. नागरिकाची अपेक्षा मधली आणि साधी आहे. त्याचा पत्ता झाकलेला असावा आणि त्याचे म्हणणे उघडे असावे.

सतरा लाख पत्रांचे काय झाले?

पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा २०२० च्या मार्च महिन्यात तयार झाला आणि ११ एप्रिल रोजी राजपत्रात आला. देश त्या वेळी टाळेबंदीत होता. ज्यांच्या जमिनी, नद्या व रोजगार या अधिसूचनेच्या कक्षेत येणार होते, त्या आदिवासी, शेतकरी व मच्छीमार समाजांना तो मसुदा त्यांच्या भाषेत उपलब्ध नव्हता. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून रोजी हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुद्याची भाषांतरे आठव्या अनुसूचीतील भाषांत करून ती प्रसिद्ध करावीत असा आदेश दिला. हा आदेश अंमलात आणण्याऐवजी केंद्राने त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. लोकांचे मत हवे आहे असे म्हणावयाचे, पण त्यांच्या भाषेत मसुदा देण्यास हरकत घ्यावयाची, यातून जो संदेश जावयाचा तो गेलाच.

मसुद्यावर सुमारे १७ लाख पत्रे आली. तो मसुदा पुढे अंतिम अधिसूचनेच्या रूपात आला नाही, हे त्या पत्रांचे फळ मानता येईल. तथापि १७ लाखांना त्यांच्या हरकतींचा हिशेब मिळाला नाही, आणि २००६ च्या मूळ अधिसूचनेत तुकड्यातुकड्याने बदल होत राहिले. त्यांपैकी एका बदलाची कथा उद्बोधक आहे. रस्ते, जलवाहिन्या यांसारख्या प्रकल्पांसाठी माती उचलण्यास पूर्वपरवानगीतून सूट देणारा बदल २८ मार्च २०२० रोजी, लोकांच्या हरकती न मागवताच, करण्यात आला होता. सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी ती सूट रद्द केली. लोकहितार्थ पूर्वप्रसिद्धी टाळली असे म्हणताना, ती का टाळली याची कारणे शासनाने नोंदवली नव्हती. म्हणजे न विचारता केलेला नियम शेवटी टिकला नाही, परंतु ते ठरण्यास चार वर्षे लागली. घाईने वाचवलेला वेळ कसा दामदुपटीने फेडावा लागतो, याचे हे उदाहरण आहे.

संख्या की युक्तिवाद?

ऑनलाइन सहभागाविषयी प्रशासनालाही काही रास्त शंका आहेत. पत्रे खऱ्या माणसांची कशावरून, हा त्यांतला पहिला प्रश्न. अमेरिकेत इंटरनेटच्या नियमांवर २०१७ मध्ये तेथील दळणवळण आयोगाकडे २ कोटी २० लाखांहून अधिक अभिप्राय आले. त्यांपैकी सुमारे १ कोटी ८० लाख बनावट होते, असा निष्कर्ष न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी २०२१ मध्ये काढला. सुमारे ८५ लाख अभिप्राय इंटरनेट-उद्योगाच्या पैशावर चाललेल्या मोहिमेतून आले होते, तर ७७ लाख एकट्या १९ वर्षांच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने यंत्राच्या साह्याने धाडले होते. आता तर संगणकच मजकूर रचू लागल्यामुळे, प्रत्येक पत्र निराळ्या भाषेत लिहून घेणेही अवघड राहिलेले नाही.

भारतातही २०१५-१६ च्या प्रकरणात फेसबुकने आपल्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेच्या बाजूने तयार नमुन्याची लाखो पत्रे पाठवण्याची सोय केली होती. चर्चापत्रात विचारलेल्या प्रश्नांना ती पत्रे उत्तरेच देत नाहीत, असे प्राधिकरणाने स्पष्ट केले. विरुद्ध बाजूच्या कार्यकर्त्यांनीही तयार मजकूर पुरवला होता. पण त्यात विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे होती. तेव्हा तयार नमुना वापरणे हा गुन्हा नव्हे. सार्वजनिक सभेची स्थापना १८७० साली पुण्यात झाली, तेव्हा तिच्या ९५ प्रतिनिधींनी सुमारे ६ हजार लोकांची मुखत्यारपत्रे मिळवली होती. आपण कोणाच्या वतीने बोलतो हे दाखवण्याची गरज त्या पिढीलाही जाणवली होती. एकाने मसुदा लिहावा आणि अनेकांनी त्यावर सही करावी, ही सार्वजनिक जीवनातली मान्य रीतच आहे. अट एवढीच की सही करणारा माणूस खरा असावा आणि आपण कशावर सही करतो हे त्याला ठाऊक असावे.

म्हणून विचारविनिमय म्हणजे मतदान नव्हे, हे प्रशासनाने व नागरिकांनी दोघांनीही स्वीकारले पाहिजे. एक लाख सारख्या पत्रांत युक्तिवाद एकच असतो. एखाद्या तलाठ्याच्या, शिक्षकाच्या किंवा मच्छीमाराच्या एकाच पत्रात असा तपशील असू शकतो की ज्याने सारा मसुदा बदलावा. संख्येला महत्त्व दिले की बनावट संख्या तयार करण्याची प्रेरणा निर्माण होते. युक्तिवादाला महत्त्व दिले की ती प्रेरणा बरीचशी नाहीशी होते. शिवाय प्रत्येक मतामागे ओळखपत्र जोडण्याची सक्तीही मग करावी लागत नाही. शासनाविरुद्ध लिहिताना आधार क्रमांक किंवा भ्रमणध्वनीचा क्रमांक द्यावा लागला, तर सरकारी शाळेतला शिक्षक किंवा जिल्हा परिषदेतला कारकून गप्प बसणेच पसंत करील.

जे संगणकापाशी नाहीत

दुसरा प्रश्न अनुपस्थितांचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील ५७.१ टक्के पुरुषांनी इंटरनेट कधीतरी वापरल्याचे सांगितले. स्त्रियांत हे प्रमाण ३३.३ टक्के होते आणि ग्रामीण स्त्रियांत २४.६ टक्के. त्यानंतर भ्रमणध्वनीचा प्रसार पुष्कळ झाला आहे. पण यंत्र हाती असणे, त्यावर चित्रफीत पाहणे आणि ऐंशी पानांचा इंग्रजी मसुदा वाचून त्यावर हरकत नोंदवणे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑनलाइन मागवलेले मत म्हणजेच जनमत असे समजले, तर शहरी, इंग्रजी जाणणाऱ्या पुरुषांचे मत हे साऱ्यांचे मत ठरेल.

यास्तव संगणकाचा मार्ग हा ग्रामसभा, जनसुनावणी व लेखी अर्ज यांच्या जोडीला असावा. त्यांना पर्याय म्हणून नसावा. मुंबईच्या विकास आराखड्याचा अनुभव या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. २०१५ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या मसुद्याचे नकाशे नागरिकांनी वॉर्डावॉर्डांत ताडून पाहिले. अस्तित्वात असलेल्या इमारतींवरून गेलेले रस्ते आणि जमिनीच्या वापराच्या चुकीच्या नोंदी त्यांनी दाखवून दिल्या. हजारो हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये राज्य शासनाने आराखडा नव्याने तपासून करण्याचा आदेश दिला. सुधारलेला मसुदा २०१६ मध्ये आला व २०१८ मध्ये मंजूर झाला. आपल्या गल्लीचा नकाशा मुंबईकराला समजला, म्हणून त्याने तो वाचला. लोकांना तांत्रिक विषय कळत नाहीत, हे म्हणणे अर्धसत्य आहे; त्यांच्या जगण्याशी असलेला विषयाचा संबंध त्यांना कळेल अशा भाषेत सांगितला जात नाही, हे उरलेले सत्य होय.

खर्च आणि परतावा

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता मत मांडणे ही खर्चाची बाब आहे. वाचण्यास वेळ लागतो, लिहिण्यास श्रम पडतात, क्वचित वरिष्ठांची नाराजीही पत्करावी लागते. या खर्चाच्या बदल्यात काहीच हाती येत नसेल, तर शहाणा माणूस दोन-तीन अनुभवांनंतर तो करणे सोडून देतो. आल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये असे दाखवून दिले की, एखाद्या संस्थेचा दर्जा घसरला तर लोकांपुढे दोन मार्ग असतात. ती सोडून जाणे किंवा आवाज उठवणे. ग्राहक दुकान बदलू शकतो. नागरिकाला तहसील कचेरी बदलता येत नाही. त्याने आवाज उठवणे सोडले की त्याच्यापाशी केवळ मौन उरते.

पण सारेच मौन पाळत नाहीत, आणि खरा धोका इथे आहे. ज्या उद्योगसमूहाचे एका नियमात कोट्यवधी रुपये गुंतलेले असतात, तो वकील नेमून, अहवाल लिहवून आपले म्हणणे मांडतच राहतो. त्याच नियमाने ज्या लाखो माणसांचे थोडेथोडे नुकसान व्हावयाचे असते, ती मात्र एकेकटी असतात आणि लवकर थकतात. त्यामुळे उत्तर न देणारी विचारविनिमयाची पद्धत तटस्थ राहत नाही. ती हळूहळू संघटित हितसंबंधीयांच्या बाजूला कलते, आणि तेही लोकसहभागाच्या नावाखाली.

उत्तर देण्याची रीत

इतक्या मोठ्या देशात प्रत्येकाला उत्तर कसे द्यावे, अशी अडचण पुढे केली जाते. प्रत्येकाला स्वतंत्र पत्र लिहावे अशी कोणाची मागणी नाही. लाखो पत्रांतले मुद्दे मोजकेच असतात. त्यांचा एक तक्ता करावा. मुद्दा कोणता, तो मान्य की अमान्य, आणि कशामुळे, एवढे त्यात असावे. हा तक्ता अंतिम नियमासोबतच प्रसिद्ध व्हावा. ब्रिटनमध्ये संसदेच्या संकेतस्थळावरील अर्जाला १० हजार सह्या मिळाल्या की शासन उत्तर देते, आणि १ लाख झाल्या की त्यावर चर्चा घेण्याचा विचार होतो. तेथील अनेक अर्ज फेटाळलेही जातात. परंतु उत्तर कधी मिळणार हे आधी ठाऊक असते आणि नकार देताना त्याची कारणेही सांगितली जातात.

एस्टोनिया या सुमारे १३ लाख लोकवस्तीच्या देशाने २००५ पासून इंटरनेटवरून मतदान सुरू केले. आपली माहिती कोणत्या सरकारी खात्याने पाहिली, हे तेथील नागरिकाला स्वतः तपासता येते. २०१७ मध्ये तेथील लाखो ओळखपत्रांत सुरक्षेचा दोष आढळला, तेव्हा शासनाने तो लोकांसमोर मांडला आणि पुढे ती ओळखपत्रे दुरुस्त होईतो त्यांचा ऑनलाइन वापर थांबवला. इवल्याशा देशाची रीत भारताला जशीच्या तशी लागू होणार नाही, हे खरे. पण चूक कबूल केल्याने विश्वास नष्ट होतो, ही आपल्या प्रशासनाची समजूत त्या अनुभवाला धरून नाही.

महाराष्ट्रात २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने दाखले व परवान्यांसाठी मुदत ठरवली, अपिलाची तरतूद केली आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५ हजार रुपये दंड ठेवला. दाखल्याच्या बाबतीत जे तत्त्व मान्य झाले, ते मताच्या बाबतीत अमान्य का असावे? २०१४ च्या धोरणाला कायद्याचे रूप द्यावे. मसुदा मराठीसह राज्याराज्यांच्या भाषांत आल्याखेरीज हरकतींची मुदत सुरू होऊ नये. अभिप्राय पत्ते वगळून प्रसिद्ध करावेत. आणि उत्तराचा तक्ता दिल्यावाचून नियम अंमलात येऊ नयेत. यांतल्या कोणत्याही गोष्टीस नवे यंत्र लागत नाही. पत्रे वाचणारी आणि उत्तरे लिहिणारी माणसे मात्र लागतील, आणि त्यांच्या वेतनाची तरतूद अर्थसंकल्पात करावी लागेल. संकेतस्थळाच्या उद्घाटनाचा जसा समारंभ होतो तसा या माणसांच्या नेमणुकीचा होत नाही, म्हणून कदाचित हा खर्च मागे पडत असावा.

आपले म्हणणे मान्य झाले नाही, हे नागरिक सहन करतो. निवडणुकीत हरलेल्या पक्षाचा मतदारही पुढच्या वेळी पुन्हा मतदान केंद्रावर जातो, कारण आपले मत मोजले गेले याची त्याला खात्री असते. हरकत नोंदवणाऱ्याला तेवढी खात्री आज देता येत नाही. ती जोवर देता येत नाही, तोवर त्याच्या भ्रमणध्वनीवर येणारा क्रमांक आवक बारनिशीतल्या शिक्क्याहून वेगळा ठरणार नाही.